एस्टिमेट आणि खरेदीसाठी मालाची एकच यादी: माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागला एका बांधकाम कंत्राटदाराकडे मी एस्टिमेट आणि खरेदी दोन्ही बघते. पूर्वी आमच्याकडे प्रत्येक साईटची एक्सेल फाईल निराळी होती. एकीत ‘१२ एमएम सळई’, दुसरीत ‘टीएमटी १२’, मेस्त्रींच्या चिठ्ठीत ‘चार सूत’. काम संपल्यावर खरेदी एस्टिमेटशी ताडून बघायची म्हटलं, की नावंच जुळायची नाहीत. म्हणून कुठल्याही साईटला चालेल अशी मालाची एकच यादी करायला घेतली.

सुरुवात चालू साईटच्या चलनांपासून, म्हणजे मालासोबत येणाऱ्या पावत्यांपासून केली. पीडब्ल्यूडीच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) दरसूचीत मुख्यतः पूर्ण कामाचे दर मिळतात. मला हवा होता गाडीतून उतरणारा माल. प्रत्येक वस्तूला एक कोड आणि एक नाव दिलं. बोलण्यातली बाकीची नावं शेजारच्या रकान्यात टाकली, त्यामुळे ‘चार सूत’ शोधलं तरी तीच सळई सापडते.

सगळ्यात जास्त वेळ एककांनी खाल्ला, आणि तो द्यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. एस्टिमेट घनमीटरमध्ये, खडी येते ब्रासमध्ये. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हे तरी सरळ आहे. टाइल्सचं बघा. दोन बाय दोन फुटांची म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात ६०० एमएमची असते. चार नगांची पेटी १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट भरते, पण दुकानात सर्रास सोळा धरतात. १,००० चौरस फुटांना सोळाने ६३ पेट्या निघतात, खऱ्या मापाने ६५, आणि तुटफूट त्यावर वेगळी. मागाहून दोन पेट्या आणायला जावं, तर त्याच बॅचची शेड मिळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक कोडला दोन एककं ठेवली, एक एस्टिमेटचं आणि एक खरेदीचं, आणि मध्ये रूपांतराचा आकडा.

सळईच्या एका मीटरचं वजन किलोत काढायला एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र आहे. १२ एमएमचा १२ मीटरचा बार १०.६७ किलो. काट्यावर वजन थोडं इकडेतिकडे होतं. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकात या मापाला ५ टक्के कमी-जास्त चालतं. यादीत सूत्राचं वजन, खरेदीच्या नोंदीत काट्याचं. दोन्ही शेजारी दिसली की कुठला लॉट हलका आला ते लगेच कळतं.

दर मात्र मूळ यादीत ठेवलेच नाहीत. त्यांचं वेगळं पान: कोड, पुरवठादार, तारीख, खाणीवरचा दर की साईटवर पोच, हमाली कोणाकडे, आणि जीएसटी स्वतंत्र. तीच खडी मिरजेला आणि जतला एका भावात पोचत नाही, तेव्हा भाडं सुटं दिसायलाच हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ दर ३०० धरला तर ३८४ चं पोतं ३५४ ला आलं. कर वेगळ्या रकान्यात असल्यामुळे एक आकडा बदलला, की सगळी चालू एस्टिमेटं दुरुस्त.

मग कामांचे हिशेब या कोडांवर बांधले. १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) च्या एक घनमीटर काँक्रीटला साधारण ८ पोती सिमेंट, ०.४२ घनमीटर क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), ०.८४ घनमीटर खडी. स्लॅबचं माप टाकलं, की परचेस ऑर्डरचा कच्चा मसुदा पोती आणि ब्रासमध्येच निघतो.

प्लंबिंगची फिटिंग्ज अजून पूर्ण नाहीत. एल्बो, टी, रिड्यूसर यांचे मापागणिक कोड फार होतात, म्हणून नेहमी लागणारीच आधी घेतली आहेत. नवा कोड फक्त मी उघडते. साईटवरून नाव, माप आणि चलनाचा फोटो आला पाहिजे. वापरातून गेलेली वस्तू खोडत नाही, ‘बंद’ असा शेरा मारते, कारण जुनी एस्टिमेटं त्याच कोडावर उभी आहेत.