तिकिटाला उत्तर द्या, पैसे भरायचे की नाही ते नंतर बघा

न्यू जर्सीत नव्याने येणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी घर, बँक, किराणा यांच्याही आधी गाडीच्या तिकिटाचं, म्हणजे वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल पोलिस हातात देतो त्या चलनाचं, सांगतो. स्पीडिंगचं तिकीट मिळालं म्हणून आभाळ कोसळत नाही. ते ड्रॉवरमध्ये पडून राहिलं, तर मात्र लायसन्स हातचं जातं.

बायकोच्या मावसबहिणीचा मुलगा एडिसनला राहतो. पोकोनोजच्या डोंगरांतून परतताना त्याला पेनसिल्वेनियाच्या पोलिसाने थांबवलं. तिथल्या तिकिटावर छापलेलं असतं: 10 दिवसांत गुन्हा कबूल की नाकबूल ते कळवा. आपलं लायसन्स जर्सीचं, तिकीट परक्या राज्याचं, कोण विचारतंय, असं त्याला वाटलं. त्याच सुमारास त्याने घर बदललं आणि नोटिसा जुन्या पत्त्यावर जात राहिल्या.

मग एका संध्याकाळी रूट 27 वर त्याच्या मागे दिवे लागले. गाडी तो नीट चालवत होता. पोलिसाने नुसता प्लेटचा नंबर टाकून पाहिला आणि मालकाचं लायसन्स सस्पेंड असल्याचं दिसलं. तेवढ्यावरून गाडी थांबवता येते. 2020 साली सुप्रीम कोर्टाने कॅन्ससच्या एका खटल्यात तसा निकाल दिला आहे. "काका, न्यायला याल का?" असा फोन आला. मी पोचलो तेव्हा गाडी टो झाली होती आणि पोरगं एका हातात मेथीची पिशवी, दुसऱ्या हातात नवं तिकीट घेऊन फुटपाथवर उभं होतं.

बहुतेक राज्यांचा आपसात करार आहे. बाहेरच्या ड्रायव्हरने तिकिटाला उत्तर दिलं नाही की ते राज्य त्याच्या राज्याला कळवतं आणि इथलं लायसन्स सस्पेंड होतं. तशात गाडी चालवताना सापडलात तर जर्सीत पहिल्याच वेळी 500 डॉलर दंड, वर सहा महिन्यांपर्यंत वाढीव सस्पेन्शन. इन्शुरन्स वाढतो तो वेगळाच. सस्पेन्शन चालू असताना कामावर जाण्यापुरतं लायसन्स काही राज्यं देतात, जर्सी देत नाही.

सोडवायचं असेल तर आधी जिथलं तिकीट आहे त्या कोर्टाला उत्तर द्यायचं, तिथून मोकळीक मिळवायची आणि मगच मोटर व्हेइकल कमिशनकडे, म्हणजे जर्सीत लायसन्स देणाऱ्या खात्याकडे, 100 डॉलर भरून लायसन्स परत घ्यायचं. उलट क्रमाने गेलात तर हेलपाटा पडतो. आणि घर बदललं की आठवड्याच्या आत पत्ता कळवायचा, कायदाच आहे तो.

"नाकबूल" लिहिलं तर साहेब चिडतील, ही आपल्याकडची भीती इथे सोडून द्या. नाकबूल म्हटलं की तारीख मिळते, बाजू मांडता येते. मुकाट्याने पैसे भरणं म्हणजेच गुन्हा कबूल करणं. आणि पैसे नसतील तर जर्सीच्या कोर्टात हप्ते मागता येतात.

दंड भरायला पैसे नाहीत म्हणून लायसन्स काढून घेणं मला मुळातच अन्याय वाटतो. गाडीविना इथे नोकरी टिकत नाही, मग दंड फेडायचा कशातून? कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये आणि न्यूयॉर्कने 2021 मध्ये ही पद्धत बंद केली, ते योग्यच झालं. पण न्यूयॉर्कमध्येसुद्धा तिकिटाला उत्तरच न देणाऱ्याचं लायसन्स आजही जाऊ शकतं.

मुलांकडे राहायला आलेले आईवडीलही इथे गाडी चालवतात. त्यांना तिकीट मिळालं तर इंग्रजीच्या धास्तीने तारीख चुकवू देऊ नका. जर्सीच्या कोर्टात दुभाषी फुकट मिळतो, फक्त आधी कळवून ठेवायचं.