शिकवायला रुग्ण उभा राहतो तेव्हा

इंग्लंडच्या रुग्णालयात मला जी प्रशिक्षणे घ्यावी लागली, त्यांतले एक मुंबईतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते. ऑलिव्हर मॅकगोवन हा १८ वर्षांचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) तरुण २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात मरण पावला. मनोविकारावरची औषधे सोसत नाहीत, असे त्याने आणि आईवडिलांनी बजावूनही त्याला तसले औषध दिले गेले होते. त्याच्या आईच्या चिकाटीमुळे २०२२ च्या कायद्याने असे प्रशिक्षण बंधनकारक झाले आणि त्याच्या नावाच्या या प्रशिक्षणात स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती स्वतः शिकवतात.

आमच्या वर्गावर आलेल्या स्वमग्न बाईंनी आधी छतावरचे दिवे मालवायला लावले, कारण ट्यूबलाइटची घरघर त्यांना समोरच्याच्या बोलण्याइतकीच मोठी ऐकू येते. ‘दुखणे दहापैकी किती?’ या प्रश्नाचे उत्तर जुळवेपर्यंत डॉक्टर पुढच्या प्रश्नावर गेलेले असतात आणि कागदावर ‘तक्रार नाही’ अशी नोंद होते, हे त्यांनी शांतपणे सांगितले. त्या दिवसापासून मी प्रश्न विचारून थांबते.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. त्यासाठीच्या सीएमईंमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या सत्रांमध्ये, व्यासपीठावर मी नेहमी डॉक्टरच पाहिले. मधुमेहाच्या सत्रात नव्या औषधांच्या स्लाइड्स असतात. पण पहाटेची बदलापूर लोकल पकडून चार घरची कामे करणारी आणि दुपारी दोनला पहिला घास खाणारी बाई ‘जेवणाआधी अर्धा तास’ ही सूचना कशी पाळते, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?

मात्र शेवटी दहा मिनिटे व्यथा सांगायला बोलावून शाल-श्रीफळ देणे म्हणजे सहभाग नव्हे. अमेरिकेत सीएमईला मान्यता देणाऱ्या एसीसीएमई या संस्थेने २०१६ मध्ये प्रशंसेसह मान्यतेचे, म्हणजे साध्या मान्यतेहून वरच्या दर्जाचे, निकष ठरवले, त्यांत आखणी आणि अध्यापन या दोन्हींतला रुग्णांचा सहभाग हा एक निकष आहे. विषय ठरवतानाच रुग्ण बैठकीत हवा, आणि त्याची बुडालेली रोजी व मानधन आयोजकांनी द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात क्षयरोगापासून करता येईल. बरे झालेले रुग्ण ‘टीबी चॅम्पियन’ म्हणून वस्त्यांमध्ये इतर रुग्णांना धीर देतात आणि औषध मध्येच का सुटते हे त्यांना नेमके ठाऊक असते. पुढच्या सीएमईची आखणी करताना परळच्या रुग्णालयातल्या विभागप्रमुखांनी त्यांतल्या दोघांना बोलावून घ्यावे.