कोजागिरीचं दूध आणि पत्र्याच्या पेट्या

यंदा आमच्या सोसायटीत कोजागिरीचं मसाला दूध फुकट नव्हतं. ग्लासला पन्नास रुपये, भेळ साठ. पैसे पुलाखाली झोपणाऱ्यांसाठी. ढवळायला मी होते, गप्पांत दूध खाली लागलं. करपलेलंही लोक मुकाट्याने प्यायले. जमले १९,४०० रुपये.

ब्लँकेटं घ्यायची, हे आम्हीच परस्पर ठरवून टाकलेलं. पुलाखालच्या मावशींना सांगितलं तर त्या हसल्या. "ताई, मागच्या थंडीत चार मिळाली. ठेवू कुठं? कामावरून येईस्तोवर गाठोडं गायब. कुलूप लागंल अशी पेटी द्या."

शहरात दर लाख वस्तीमागे १०० जणांचा, बारमाही चोवीस तास उघडा निवारा हवा, असं केंद्राच्या २०२४ मध्ये संपलेल्या नागरी उपजीविका अभियानात लिहिलं होतं. मावशी एकदा निवाऱ्यात जाऊनही आल्या. तिथे नवऱ्याला वेगळं झोपवतात म्हणून परतल्या.

मग बोहरी आळी गाठली. घासाघीस करून अठरा पेट्या, कुलपांसकट. ब्लँकेटांचा आग्रह धरणारे आमचे सेक्रेटरी अजून रुसलेत, रुसू देत. पेट्या ठेवायला पुलाजवळच्या चहावाल्याने टपरीमागची जागा दिली.

मावशींनी किल्ली तिथल्या तिथे सेफ्टी पिनेने मंगळसूत्राला अडकवली.