जुनी पॅसिफिका घ्यावी की सोडावी

शुक्रवार, रात्री

यामाहा पॅसिफिका ११२व्ही, सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार. विकणारा १६,००० म्हणतोय. फोटोंत तारांवर गंज दिसतो, ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचे) बारीक स्क्रू तांबूस झालेत, कव्हरवर बुरशीचे पांढरे डाग आहेत. खाली ‘फारशी वाजवलेली नाही’ असं लिहिलंय आणि तो गंज बघून ते खरं असावं असं वाटतं. रोज वाजणाऱ्या गिटारच्या तारा गंजेपर्यंत कोणी ठेवत नाही. नव्या तारा चढवून, पॉलिश मारून विकायला काढलेल्या गिटारपेक्षा अशी माळ्यावर पडून राहिलेली गिटार मला जास्त भरवशाची वाटते. तारा बदलायच्याच असतात, गंज पुसता येतो. घासून गेलेला फ्रेट (बोटांखालची धातूची आडवी पट्टी) पुसून परत येत नाही.

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटारमध्ये व्यवहार मोडावा असे दोष तीनच: पिळवटलेली नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा (किंवा जिचा ट्रस रॉड, म्हणजे आतली नेक सरळ ठेवणारी सळई, आणखी आवळता येत नाही अशी), संपत आलेले फ्रेट, आणि हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाचा, खुंट्यांचा भाग) मुळाशी गेलेली चीर. बाकी सगळं, म्हणजे खरखरणारे पॉट (नॉबखालचे भाग), सैल जॅक (केबल खुपसायची जागा), मेलेला पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा, तारेची कॉइल गुंडाळलेला भाग), रंगाचे टवके, हे घासाघीस करण्यापुरतं. गंमत अशी की पहिल्यांदा घेणारा माणूस नेमका टवके बघून नाक मुरडतो आणि नेककडे बघतच नाही.

तिसऱ्या दोषाची धास्ती या गिटारला कमी आहे. तो धोका मुख्यतः लेस पॉल नावाच्या मॉडेलच्या घराण्यातल्या गिटारना, कंपनी गिब्सन असो की एपिफोन. त्यांचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो. गिटार उताणी पडली की नटच्या (नेकच्या टोकाची, तारांना खाचांत धरणारी पट्टी) मागे, लाकूड सर्वांत बारीक असतं तिथेच मोडते. नीट चिकटवलेला जोड वाजवायला टिकतो, पण गिटारची किंमत उतरते ती उतरतेच. तिथे मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून वार्निशखाली केसासारखी रेघ शोधावी लागते. पॅसिफिकाची नेक बोल्टने जोडलेली, हेडस्टॉक बॉडीच्या जवळजवळ समांतर. अगदीच वाईट झालं तर दुसरी नेक लावता येते.

मॉडेल तसं चांगलं आहे. अल्डरची बॉडी, मेपलची नेक, रोझवुडचा फिंगरबोर्ड (नेकवरची, तारा जिच्यावर दाबतात ती फळी), २२ फ्रेट, २५.५ इंच म्हणजे ६४८ मिलिमीटर स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी). दोन सिंगल कॉइल (एका कॉइलचे पिकअप) आणि ब्रिजपाशी एक हंबकर (दोन कॉइलचा पिकअप). टोनचा नॉब वर ओढला की हंबकरची एकच कॉइल चालू राहते. ०१२ हे त्याच घराण्यातलं स्वस्त मॉडेल. जाहिरातीत दोन्ही नुसतं ‘पॅसिफिका’ म्हणून येतात, त्यामुळे हेडस्टॉकवरचा आकडा वाचूनच भाव बोलावा. फ्लॉइड रोझ ब्रिजवाली (हँडलने सूर खाली-वर करता येणाऱ्या तरंगत्या ब्रिजची) जुनी गिटार मात्र पहिली म्हणून कोणी घेऊ नये. स्वस्त नकलांमध्ये ब्रिजची धार मऊ धातूची असते, ती झिजली की हँडल दाबून सोडल्यावर सूर जागेवर येत नाहीत.

पिशवीत काय घ्यायचं: स्वतःची चांगली केबल (बिघाड केबलचा निघायचा आणि आपण गिटारला दोष द्यायचो), अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, मल्टिमीटर, कॅपो (नेकवर लावून तारा दाबून धरणारा चिमटा), ऍलन की (षटकोनी किल्ली), ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) आणि एक व्हिजिटिंग कार्ड. कार्ड ओळख द्यायला नाही, मोजायला.

रविवार, संध्याकाळी

विकणाऱ्याच्या घरी. ऍम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) शेवटी. आवाज एकदा कानावर पडला की मन त्यातच गुंततं आणि डोळे नीट बघत नाहीत, म्हणून सुरुवात नेकपासून.

गिटार बॉडीच्या टोकाकडून डोळ्यासमोर धरली, नेकच्या दोन्ही कडा एकामागून एक बघितल्या. जाड तारेकडची आणि बारीक तारेकडची कड सारखीच वाकलेली असेल तर ते ट्रस रॉडने सरळ होतं. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी असेल तर नेक पिळवटलीय, तो इलाज ट्रस रॉडकडे नाही. इथे दोन्ही सारख्या आहेत.

मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सहावी (सर्वांत जाड) तार शेवटच्या फ्रेटवर दाबली आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघितलं. पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. साधं व्हिजिटिंग कार्ड जवळपास तेवढंच जाड असतं, ते तारेला न उचलता जेमतेम सरकलं की बरोबर. इथे कार्ड ऐसपैस जातं. नेक तारांच्या ओढीने पुढे झुकलीय, म्हणजे रॉड थोडा घट्ट करावा लागेल.

खरा प्रश्न तो घट्ट होतो का हा. ट्रस रॉडचा नट विकणाऱ्याला विचारल्याशिवाय फिरवू नये. विचारून, आधी पाव वळसा सैल करून बघितला. अडकलेला नट सरळ घट्ट करायला गेलं तर मोडतो किंवा त्याचं षटकोनी भोक गोल होऊन जातं. सैल झाला, परत घट्टही झाला आणि पुढे आणखी जागा आहे. शेवटपर्यंत आवळलेला नट आणि तरीही वाकलेली नेक असं असतं तर तिथेच नमस्कार करून निघायचं होतं.

बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची अडीच मिलिमीटरला थोडी कमी. १.६ ते २ हवी. नेक सरळ केली की थोडी उतरेल, उरलेली सॅडलच्या (ब्रिजवर प्रत्येक तारेखालचा ठोकळा) स्क्रूने. ते स्क्रू गंजलेत. टाचणीच्या टोकाने त्यांच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवलं तर बहुधा सुटतील, आणि नाहीच सुटले तरी सॅडलचा नवा संच मिळतो.

फ्रेटवर सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण पैसे तिथेच बुडतात. मधल्या जाडीचा नवा फ्रेट लाकडाच्या वर मिलिमीटरभर किंवा किंचित जास्त असतो. तारेखाली खाच पडली की ती बुजवता येत नाही. बाकीचे सगळे फ्रेट त्या खाचेच्या तळापर्यंत घासून उतरवावे लागतात. एका फ्रेटला ०.३ मिलिमीटरची खाच म्हणजे बाविसांच्या बावीस फ्रेटचा ०.३ मिलिमीटर गेला. असं एकदा चालतं, दुसऱ्यांदा क्वचितच. उंची अर्ध्या मिलिमीटरवर आली की बोटाला तार पकडता येत नाही, बेंड करताना (तार बाजूला ढकलून सूर चढवताना) ती निसटते, आणि मग सगळे फ्रेट नवे बसवायचा खर्च.

खाच कुठे आहे यावरून वाजवणाऱ्याचा हात कळतो. पहिल्या तीन फ्रेटवर, बारीक तारांखाली असेल तर उघडे कॉर्ड (काही तारा न दाबता वाजवायचे) वाजवलेत. बाराव्याच्या पुढे आडवी पसरट झीज असेल तर बेंड करून करून वाजवलीय. तारा बाजूला सारून नख फ्रेटच्या माथ्यावरून फिरवलं. दुसऱ्या फ्रेटवर दुसऱ्या तारेखाली एक चपटा ठिपका चकाकतो, नख मात्र कुठेच अडकत नाही. ‘फारशी वाजवलेली नाही’ हे खरं आहे.

फ्रेटची टोकं आत्ता गुळगुळीत लागतात, पण पावसाळ्यातल्या या परीक्षेवर विसंबू नये. ओल्या हवेत लाकूड फुगलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात पुण्याकडे, नागपूरकडे तर जास्तच, फिंगरबोर्ड आकसतो आणि तीच टोकं कडेने बाहेर येऊन तळहाताला ओरखडे काढतात. तेव्हा ती बारीक कानशीने घासून घ्यायची. जुलैत न दिसणारं काम आहे, हिशोबात धरून ठेवलेलं बरं.

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा, सावकाश. तार उघडी असताना चरचरते आणि दाबल्यावर स्वच्छ वाजते, तर नटची खाच खोल गेलीय. एकाच फ्रेटवर चरचरते, तर तिच्या पुढचा फ्रेट वर आलाय. पहिली (सर्वांत बारीक) तार चौदाव्या फ्रेटवर पूर्ण सूर बेंड करताना आवाज मरतो, तर वरचे फ्रेट उंच आहेत किंवा तारा फार खाली बसवल्यात. इथे यातलं काही नाही. हेडस्टॉकवरची खुंटी फिरवताना तिसऱ्या तारेला ‘टिंग’ असा आवाज येतो. हा दोष खुंटीचा समजून लोक खुंट्या बदलतात. प्रत्यक्षात तार नटच्या खाचेत अडकून झटक्याने सुटते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की बहुतेक वेळा थांबतं.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) जुळतो का हेही बघतात, पण गंजलेल्या तारांवर ते बघण्यात अर्थ नाही. जुनी तार कुठे जाड, कुठे बारीक झालेली असते, ती खोटंच बोलते.

आता वीज. केबल गिटारमध्ये, व्हॉल्यूम पूर्ण, केबलच्या दुसऱ्या बाजूच्या प्लगच्या टोकावर आणि दांड्यावर मल्टिमीटरच्या सुया. सिंगल कॉइलला साधारण ५ ते ७ किलोओहम, हंबकरला ७ च्या पुढे, जोरदार असेल तर १५ पर्यंत. ब्रिजचा हंबकर ठीक. टोनचा नॉब ओढला की आकडा निम्म्यावर येतो, म्हणजे कॉइल तोडणारा स्विचही चालतो. नेकचा पिकअप ठीक. पिकअप निवडायचा स्विच मधोमध आणला आणि आकडा एकदम शेकड्यांत गेला. पिकअपची वाट तुटली की मीटर फक्त व्हॉल्यूमचा पॉट मोजतो, २५० किंवा ५०० किलोओहमच्या जवळचा आकडा त्याचाच.

दोष स्विचचा की पिकअपचा? स्विच मधल्या आणि ब्रिजच्या पिकअपच्या जोडीवर ठेवला. दोन्ही जिवंत असते तर आकडा एकट्या हंबकरपेक्षा बराच खाली आला असता. आला नाही. नेकच्या जोडीवरही तेच. म्हणजे स्विच बहुधा निर्दोष, मधल्या पिकअपचा एक तर सोल्डर सुटलाय किंवा कॉइलची तार तुटलीय. ती तार ०.०६ मिलिमीटरची असते, आणि वर्षानुवर्षं ओलीत पडलेल्या गिटारमध्ये ती हिरवी पडून तुटणं नवलाचं नाही. पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पाटी) उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि दुसऱ्याच्या घरात त्याची गिटार उघडणं बरं नव्हे. वाईटातलं वाईट धरायचं: नवा पिकअप.

ऍम्प जोडण्याआधी त्याचा प्लग बघितला. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ऍम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. दोन पिनचं अडॅप्टर लावून ऍम्प चालवला आणि आत गळती असेल, तर झटका थेट बोटांना बसतो. जुन्या वाड्यांत, सोसायट्यांत तिसरी पिन नुसती शोभेची असते, हे विसरून चालत नाही. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला ऍम्प सोबत मिळत असेल तर मागची पाटी वाचावी. १२० व्होल्टचा ऍम्प आपल्या २३० वर लावला की जळतो. गिटारला अर्थातच हा प्रश्न नाही.

तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे बरोबर. वाढली असती तर जॅकच्या वायरी उलट्या. दोन्ही नॉब खरखरतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून वीस-तीसदा फिरवले की बहुधा जाईल.

सोमवार

हिशोब. कारागिराने फोनवर सांगितलेले आकडे धरतो: तारांचा संच ७००, पूर्ण सेटअप (नेक, तारांची उंची आणि सूर जुळवणं) १,५००, क्लीनर ४००, मधला पिकअप बसवण्यासकट २,५००. एकूण ५,१००. मागितलेल्या किमतीत हे मिळवले तर २१,१००, आणि त्या भावाला ही गिटार घेणं चुकीचं. दुरुस्तीसकट खर्च नव्याच्या दुकानातल्या भावाच्या दोन-तृतीयांशापुढे जाऊ नये, असं मी धरतो. वॉरंटी नाही, परत करायची सोय नाही, त्याची भरपाई भावातच व्हायला हवी.

पण नेक सरळ होणारी आहे, ट्रस रॉड जिवंत आहे, फ्रेट जवळपास नवे आहेत. जे दोष आहेत ते सगळे भाग बदलून जाणारे. म्हणून घ्यायची. ११,००० पासून सुरुवात, १२,००० च्या वर नाही. विकणाऱ्याला पिकअपचा आकडा मीटरवर दाखवलाय, त्यामुळे उगाच पाडून मागितलं असं त्याला वाटणार नाही. त्याला १४,००० च्या खाली द्यायची नसेल तर पिकगार्ड उघडून दाखव म्हणायचं. नुसता सोल्डर सुटलेला निघाला तर १३,५०० देण्यात काहीच गैर नाही.

आणली की पहिल्या दिवशी ट्रस रॉडला हात लावायचा नाही. आधी बुरशीचं कव्हर टाकून द्यायचं, फिंगरबोर्ड कोरड्या फडक्याने पुसून लेमन ऑइलचा हलका हात द्यायचा (रोझवुड आहे म्हणून, वार्निशच्या मेपलला तेल लावू नये), मग ०.००९ ते ०.०४२ इंचांचा नवा संच चढवून सुरात लावून ठेवायची. लाकडाला घरातल्या हवेची आणि नव्या तारांच्या ओढीची सवय होऊ द्यायची. आठवड्याने पुन्हा कार्ड सरकवून बघायचं आणि मगच पाव-पाव वळसा, प्रत्येक वळशानंतर तारा परत सुरात लावून. आधी नेक, मग सॅडलची उंची, आणि शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर: दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक काम दोनदा करावं लागतं.