फोटोतले दंड

लग्नाचे फोटो ग्रुपवर आले आणि मी माझा फोटो दोन बोटांनी मोठा करून आधी दंड बघितले. चेहरा नंतर. मंजूच्या शेजारी उभी आहे, शहापुरात घेतलेली मोरपिशी साडी अंगावर आहे, आणि मला दिसतायत ते फक्त दंड. जाड. होते तसेच.

काटा तर वेगळंच सांगतोय. वडगावची आत्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाली, "किती रोडावलीस गं! बरी आहेस न्हवं?" वहिनीने डाएटचा तक्ता मागून घेतला. म्हणजे जगाला दिसतंय. मग मलाच का दिसू नये?

दिवाळीनंतर भात नाही, भाकरी नाही, फळ नाही, साखर तर नाहीच. पनीर, अंडी, काकडी, परत पनीर. खानापूरहून नवा तांदूळ आला, तो शिजताना घरभर वास सुटायचा आणि मी खोलीचं दार लावून बसायची. आई दाराशी येऊन म्हणायची, "मी वाढतो की, घासभर तरी खा." आईचं काय ते पुन्हा कधीतरी लिहीन. केस विंचरताना फणीत येणारे पुंजकेही राहू देत.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं तेव्हा किती बरं वाटलं होतं. पुढे कळलं, कार्बोदकं बंद केली की शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपत जातं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यांचा आनंद बराचसा पाण्याचाच. पण पाणी गेलं, नंतर चरबीही गेली असेल, तरी हे दंड माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. काल रात्री फार रडू आलं. इतकं सोसल्यावर आरशात कोणीतरी निराळी दिसायला हवी होती, एवढंच मागणं होतं माझं.

झोप येईना म्हणून वाचत बसले. अमेरिकेत १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या संशोधकाने ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपाशी राहिलेल्यांना पुन्हा कसं खायला घालायचं ते शोधण्यासाठी. दिवसाला साधारण १५७० कॅलरी आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. वजन जवळपास पाव हिश्श्याने उतरलं. त्यातली काही मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. हाडं वर आली तरी त्यांना स्वतःचं अंग नेहमीसारखंच वाटे, उलट धडधाकट माणसंच जाड दिसत. नंतर पोटभर खायला मिळू लागलं तेव्हा काहींना आपलं पोट, आपल्या मांड्या सुटल्यात असं वाटायला लागलं. मी ते दोनदा वाचलं. माझ्या तक्त्यात १२०० लिहिलंय. ते पुरुष होते, चालतही खूप होते, तुलना सरळ होत नाही. तरी डोळ्यांचं जे त्यांचं झालं, तेच माझं होतंय असं वाटून गेलं. नजरच उपाशी असेल तर अंगाने किती उतरायचं?

आणि मग त्या मांडे करणाऱ्या मावशी आठवल्या. कार्यालयाच्या मागच्या अंगाला चुलीवर लोखंडी कढई पालथी घातलेली. मी तिथे बराच वेळ उभी होते, भुकेने असेल. त्यांनी साखर भरलेला उंडा हातावर घेतला, झेलत झेलत मनगटावरून कोपरापर्यंत पसरवला. बघता बघता तो एवढा पातळ झाला की पलीकडचा जाळ त्यातून दिसला. मग एका झटक्यात कढईवर. त्यांचे दंड माझ्यापेक्षा भरलेले होते, ब्लाउजची बाही रुतली होती, वर पिठाचे पांढरे पट्टे. एकदाही मला जाड हा शब्द सुचला नाही. केवढी ताकद आहे या हातांत, एवढंच मनात आलं. "घे की गं, गरम आहे," म्हणाल्या. मी घेतला नाही. सगळ्या लग्नात तेवढं एक लागून राहिलंय.

आज दुपारी जोंधळ्याची भाकरी खाल्ली, झुणका आणि लोण्याचा गोळा घेऊन. आई काही बोलली नाही, दुसरी भाकरी तव्यावर टाकली. नजर लगेच सुधारेल असं नाही. संध्याकाळी फोटो परत उघडला, परत दंडच दिसले आधी. दिसू देत. तेवढ्यासाठी भाकरी सोडायची नाही, एवढं ठरलंय. चालायला मात्र जाणार, बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारातली ती झाडं मला आवडतात म्हणून.

उद्या पाडव्याच्या साडीवरचा ब्लाउज शिवायला टाकायचाय. दोन्ही बाजूंना आत भरपूर माया ठेवा असं सांगणार आहे. बाह्या नेहमीसारख्या कोपरापर्यंत की आखूड, ते अजून ठरत नाही.