सूट होती ४०० जणांना
आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळणारे. इथे इस्रायलमध्ये सैन्यसेवा सक्तीची. तरी आमच्या दिमोनातल्या घरात मुलाने सैन्यात जायचं की नाही, ही चर्चा कधी झालीच नाही. लेक धार्मिक कारण देऊन सुटली असती, कायद्यात मुलींसाठी तशी सोय आहे. "आई, मी जाते," म्हणाली नि गेली.

हरेदींचं, म्हणजे कट्टर धार्मिक ज्यूंचं, वेगळं. १९४८ साली पहिले पंतप्रधान बेन-गुरियननी येशिवातल्या (ज्यू धर्मशाळेतल्या, जिथे धर्मग्रंथ शिकवतात) जेमतेम ४०० विद्यार्थ्यांना सैन्यातून सूट दिली. नाझींनी युरोपातल्या येशिवा बेचिराख केल्या होत्या, त्यामुळे तेव्हा ते पटण्यासारखंही होतं. पुढे आकडा हजारोंवर गेला. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, या सवलतीला कायद्याचा आधारच नाही. इथल्या अरबी बोलणाऱ्या द्रूझ समाजाचे मुलगे १९५६ पासून सक्तीने जातात, आणि ते तर ज्यूही नाहीत!

तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, शिकणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. सैन्यात निघालेल्या धाकट्याची बॅग भरताना मात्र तो आदर कमी पडतो, खरं सांगते.