उरलेला रंग

"रंग उरला तर द्या हो, दाराला लावते." मुलांकडून भिंतीवर बायबलमधलं चित्र रंगवून घेतलं, तिथले डबे बघून मावशी एवढंच म्हणाल्या. त्यांचं दार पत्र्याचं, आणि मी लगेच उत्तर दिलं की हा पाण्याचा रंग आहे, पत्र्यावर धरणार नाही. उत्तर अगदी बरोबर होतं. तरी दुपारपासून काहीतरी टोचतंय.

बरोबर कसं तेही लिहून टाकते. भिंतीसाठी आणलेलं इमल्शन पत्र्यावर मारलं तर एका पावसाळ्यात सालपटं निघतात. आधी पॉलिश पेपरने गंज खरवडायचा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पत्रा पुसायचा, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तराचा, एक हात देऊन रात्रभर वाळू द्यायचा, मग ऑइलपेंटचे दोन हात. दार साडेसहा बाय अडीच फूट, म्हणजे 16 चौरस फुटांच्या आसपास. बाहेरच्या बाजूला अर्धा लिटर पुरून उरतो. हे सगळं तोंडपाठ असताना माझ्या तोंडून फक्त "धरणार नाही" एवढंच का निघालं?

लागलं ते हे, की मावशींना चित्र दिसलंच नाही, डबे दिसले. मुलांनी बायबलमधल्या शोमरोनी बाईला याकोबाच्या विहिरीवरून उचलून वस्तीच्या नळावर आणलंय. मागे हंड्यांची, कॅनची रांग. प्रभू येशू उलट्या ड्रमवर बसून तिच्याकडे पाणी मागतोय. 12 बाय 8 ची भिंत, गेरूत भिजवलेलं सूत मारून फुटाफुटाचे चौकोन पाडले, कागदावरचा एकेक चौकोन एकेका पोराला वाटून दिला. आणि त्यांनी विचारलं काय, तर उरेल का. पाळकसाहेब येतात ते विचारतात, यातले उपासनेला किती येतात.

चित्रकार अँजेलो द फोन्सेका याच पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रांत मरियेला साडी नेसवत होते. 1967 मध्ये ते गेले. आज आपल्या मंडळीत त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असेल? तर, फोन्सेकांच्या पंक्तीला स्वतःचं पान मांडण्यापर्यंत मजल गेली म्हणजे आज जरा जास्तच झालंय. चहा करून आले.

बायबलात निर्गमाच्या 31व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला कामासाठी आपल्या आत्म्याने भरतो, हे आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. 36व्यात देवाच्या निवासमंडपासाठी लोक इतकं सामान आणतात की मोशेला छावणीभर सांगावं लागतं, पुरे, आता आणू नका. काम होऊन उरेल इतकं जमलं होतं, असं लिहिलंय. उरलेलं कुणी मागितलं का, ते नाही लिहिलेलं.

पण खरी गंमत भिंतीची आहे. रंगाला फुगे आलेत ते नेमके चित्रातल्या नळाखाली, जिथे पोरांनी पाणी सांडलेलं दाखवलंय तिथे. बोट लावलं की पोपडा सुटतो आणि आतून पांढरी पूड. लोणा. सिमेंट-विटांतले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वर इमल्शनचा पापुद्रा असला की ते त्याला आतून ढकलतात. त्यावर पुट्टी भरून पुन्हा रंगवणं म्हणजे पैसे वाया. पाण्याने धुणं त्याहून वाईट, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या तारेच्या ब्रशने झाडायचे आणि पूड सुपलीत भरून बाहेर टाकायची.

ओल हवेतली की भिंतीतली हे बघायला फूटभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावलं होतं. दुसऱ्या दिवशी थेंब आतल्या बाजूला. भिंतीपलीकडे काय आहे? मावशींची मोरी.

म्हणजे आम्ही ज्या बाजूला शोमरोनी बाई काढली, त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला मावशी रोज भांडी घासतात. त्यांना चित्र दिसलं नाही म्हणून मी रुसले. मला मोरी कुठे दिसली होती?

काम मोरीपासूनच लागणार. फरशी आणि भिंत मिळते तो कोपरा फोडायचा, जाळीभोवतीचा सांधा मोकळा करायचा, एकास तीन सिमेंट-वाळूत वॉटरप्रूफिंग घालून कोपऱ्यात वाटा, म्हणजे गोलाई, मारायचा. मग भोकाला बोळा लावून 24 तास पाणी तुंबवून बघायचं. तेवढे दिवस मावशींनी हॉलमागचं न्हाणीघर वापरावं, किल्ली त्यांच्याकडेच ठेवायची. आमच्या बाजूला खालचा 2 फुटांचा पट्टा प्लास्टरपर्यंत खरवडायचा, कारण इमल्शनवर चुना बसत नाही. मग महिनाभर, नाहीतर जास्तच, वाळू द्यायचं, प्लॅस्टिक पुन्हा लावून बघायचं, आणि तिथे चुन्याचेच पातळ हात द्यायचे. चुना ओल अडवत नाही, बाहेर जाऊ देतो. रंग गेरू, पिवडी, काजळी एवढेच. प्रशियन निळा चुन्यात तपकिरी पडतो. चुना पाण्यात विरवणं मोठ्यांचं काम, पोरं लांब. डोळ्यांत उडाला तर खेळ नाही.

कॅनची रांग पुसली जाणार म्हणून पोरांतला धाकटा रडेल. त्याला नवीन रांग काढू देऊ, यावेळी गेरूत. मावशींच्या दारासाठी रेड ऑक्साइडचा छोटा डबा शनिवारी घेऊन जाते, ब्रशही.

राहिला खर्च. मंडळीच्या 'कलासेवा' या खात्यात सिमेंट, वाळू आणि मोरीची जाळी दिसली की कमिटी विचारणार. विचारू दे. बायबलच्या लेवीय पुस्तकात घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस चट्टे पडले तर बघायला याजकानेच जायचं असतं. घर 7 दिवस बंद ठेवायचं, चट्टा पसरला तर दगड काढायचे, आतून खरवडायचं, नवा गिलावा करायचा. अध्याय 14, वचन 33 पासून. बैठकीत पूर्ण वाचून दाखवीन, आणि पाळकसाहेबांना मोरी बघायला बोलावीन.